पुसलेला ओळंबा

१

मापाडी डिझेलच्या डेपोतल्या मोठ्या टाकीच्या पायथ्याशी पडला होता, तोंड सिमेंटवर आणि एका पायातला बूट निघालेला. काल सकाळी त्याला उचलून नेलं. आज त्या जागी वाळू टाकून, झाडूनसुद्धा झालं होतं. माणूस मेला की लोकांना झाडण्याची एवढी घाई कसली होते, हे अर्धं आयुष्य विम्याच्या चौकशीत जाऊनही बाईंना कळलं नव्हतं.

"प्यायलेला होता," डेपोचा मालक म्हणाला. "कोटाला भपकारा येत होता. पायऱ्यांवर दव गोठलेलं, वरून हा झिंगलेला. लिहा आणि मोकळ्या व्हा, मॅडम."

बाईंनी पेनाचं टोपणही काढलं नाही. मॅडम म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे. त्यात गुडघा ठणकत होता, आणि तासाभरापूर्वी त्यांच्या वरिष्ठाचा फोन येऊन गेला होता. तोही हेच म्हणाला होता: दारू होती ना, मग भरपाईचा प्रश्नच नाही, दोन ओळी लिहा आणि फाइल बंद करा. सगळ्यांना फाइल बंद करायची होती. मेलेला माणूस उठून बोलत नाही, याचा केवढा आधार असतो लोकांना!

बाहेरच्या खोलीत मापाड्याची बायको बसली होती. चहाचा कप समोर तसाच, वर साय धरलेली. बाई शेजारी बसल्या तशी ती एकदम म्हणाली, "पैसे नका देऊ हवं तर. पण दारुडा लिहू नका."

"प्यायचे का कधी?"

"माझ्या सासऱ्यांनी दारूपायी घर धुळीला मिळवलं. तेव्हापासून हा माणूस खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन प्यायचा. काल माझी मुलगी शाळेतून रडत आली. वर्गातली पोरं म्हणाली, तुझा बाप टाकीवर चढून ढोसत होता. बाप गेल्याचं रडायचं सोडून ती त्याचं रडतेय हो, बाई! आज हट्टाने शाळेत गेली, घरी बसले तर पोरांचं खरं ठरेल म्हणाली. मी तिला काय सांगू?"

"पण प्यायले होते असं पहिल्यांदा म्हणालं कोण?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माझा भाऊ. सख्खा. इथला मुकादम आहे तो."

२

मालकाच्या केबिनला मोठी काच होती आणि काचेतून मोठी टाकी दिसत होती. बोलताना तो बाईंकडे कमी आणि टाकीकडे जास्त बघत होता.

"दोन देशांचं भांडण पेटलं आणि सामुद्रधुनी बंद झाली, तिथून सगळं बिनसलं," तो म्हणाला. "माझं जहाज बंदराबाहेर उभं आहे. डोळ्यांना दिसतंय, पण हाताला लागत नाही. विकणारा म्हणतो, बँकेची हमी आणा, मगच माल उतरवतो. बँक म्हणते, भाव रोज उड्या मारतोय, आम्हाला धोका नको, दुप्पट तारण ठेवा. तारण आणू कुठून? होती ती एक टाकी, ती आधीच गहाण! व्हॉल्व्हला बँकेचं कुलूप, किल्ली बँकेच्या साहेबाच्या खिशात. म्हणजे जुना माल विकता येत नाही, कारण तो गहाण. आणि नवा घेता येत नाही, कारण जुना विकला नाही. आहे की नाही गंमत?"

"गंमत?" बाई म्हणाल्या. "गावातल्या रुग्णालयाचं जनित्र निम्मा दिवस बंद असतं. तुमच्या फाटकावर त्यांचा माणूस येऊन गेला, असं ऐकलं."

"आला होता. मी काय करणार? कुलूप माझं नाही." मग तो जरा पुढे झुकला आणि लबाड हसला. "आणि खरं सांगू? कुलूप असल्याने माझं वाईट झालेलं नाही. टाकी नुसती उभी आहे आणि रोज महाग होतेय."

बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. त्यांनी दात आवळून पुढचा प्रश्न विचारला. "टाकीत माल पुरा आहे, याची खात्री?"

"अहो, बँकेचा साहेब दर आठवड्याला माप घेववतो. उन्हाळ्याच्या शेवटी कुलूप लागलं तेव्हा जी खूण होती, तीच आज या थंडीत आहे. बोटभरसुद्धा कमी झाली नाही. आणि मला काही लपवायचं असतं, तर मी बाहेरचा तपासनीस बोलावला असता का? याच टाकीवर दुसऱ्या बँकेकडून थोडं कर्ज सुटतंय का बघत होतो. तपासनीस काल दुपारी येणार होता. हा बाबा सकाळीच मेला. आता डेपो बंद, तपासणी लांबली, माझं कर्जही लांबलं."

तो मापाड्याच्या मरणाबद्दल बोलत नव्हता, स्वतःच्या कर्जाबद्दल हळहळत होता. बाई उठल्या. दाराशी गेल्यावर मात्र त्यांच्या पायाला खीळ बसली. बोटभरसुद्धा नाही? उन्हाळा ते थंडी?

असं होऊच शकत नव्हतं.

३

बँकेचा साहेब डेपोच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहत होता. भाव वेडे झाले तेव्हा बँकेने तारणावर डोळा ठेवायला त्याला इथे आणून बसवलं होतं. काल सकाळी फाटक उघडण्याआधी कुंपणाच्या आत चौघेच होते: मापाडी, मुकादम, मालक आणि हा. रात्रीचा दरवान फाटकाबाहेरच्या चौकीत असे.

साहेब गोड बोलणारा होता. बाईंना खुर्ची दिली, हीटर त्यांच्या पायाकडे वळवला.

"फार वाईट झालं. चांगला माणूस होता हो, पण व्यसन... काय करणार."

"तुम्ही त्यांच्याबरोबर माप घ्यायला वर जात होता?"

"छे, छे! मला उंचीवर चक्कर येते. मी खाली उभा राहायचो, तो वरून ओरडून आकडा सांगायचा. तेलातलं मला काय कळतं? व्हॉल्व्ह आणि नळ यातला फरकसुद्धा मला सांगता येणार नाही. मी आपला कागदांचा माणूस."

"वरून माप घ्यायचे म्हणजे नेमकं कसं?"

"ते मुकादमालाच विचारा. टेप थोडी आत सोडतात, तेल कुठे लागतं ते बघतात, झालं."

"टेप तळापर्यंत सोडत नाहीत?"

साहेबाने हीटरचं बटण उगाच फिरवलं. "नवा माल आला तरच सोडतात म्हणे. तळाला पाणीबिणी साचलंय का ते बघायला. आता माल येतोय कुठे?"

कागदाच्या माणसाला एवढं ठाऊक होतं, याचं बाईंना काही वाटलं नाही. कानावर पडलं असेल. पण 'पाणी' म्हणताना त्याचा गोड आवाज किंचित सुकला, ते मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"मापाड्याची टेप कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"टेप?" साहेब म्हणाला. "तिचं काय करायचंय तुम्हाला?"

४

टेप मुकादमाच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली होती. मुकादम तरणाबांड गडी, पण एका दिवसात गाल आत गेलेले. बाईंनी टेप मागितली तेव्हा त्याने ती मेलेला उंदीर द्यावा तशी दोन बोटांत धरून दिली.

"त्यांच्याजवळच पडली होती?"

"हो. हाताशी."

"आणि अशीच गुंडाळलेली?"

"अशीच. मी हात लावला नाही."

बाईंनी चष्मा चढवला. पोलादी टेप, तिच्या टोकाला पितळी ओळंबा. टेप आतपर्यंत ओली, चिकट, थर थराला चिकटलेला. ओळंबा मात्र चकचकीत, देवघरातल्या समईसारखा पुसलेला.

"मुकादम, तुम्ही आधी काय काम करायचात?"

"मापाडीच होतो की. दाजींनीच शिकवलं मला."

"मग मला शिकवा. माप झालं, टेप वर ओढायची. पुढे?"

"ओढता ओढता फडक्याने पुसत यायचं, पुसत पुसत गुंडाळायची. ओली टेप कुणी गुंडाळत नाही, बाई, गंज चढतो. दाजींनी बघितलं असतं तर कानाखाली..." तो बोलता बोलता थांबला. समोरच्या टेपकडे बघत राहिला.

"आणि ओळंबा?"

"तो... तो शेवटी. लेप बघून झाल्यावर."

"कसला लेप?"

मुकादम टेपकडे बोट दाखवत म्हणाला, "पाणी ओळखायचा. कोरडा असताना पिवळा. पाणी लागलं की लालभडक होतो."

बाईंनी नखाने टेपचा एक थर उचलला, मग दुसरा. अगदी बाहेरच्या, म्हणजे ओळंब्याजवळच्या, टाकीत सगळ्यात खोल गेलेल्या भागाच्या कडांना लाल रेघ होती. पुढचा वेढा उघडला, तिथेही लाल. त्याच्यापुढे, आणि त्याच्याही पुढे. तळाला साचलेलं थोडं पाणी फार तर टोकाला लागलं असतं. इथे लेप बहुतेक सगळ्या लांबीला लावलेला होता, आणि बहुतेक सगळा लाल झाला होता.

"तुमच्या दाजींना काय संशय आला होता?" त्यांनी विचारलं.

मुकादम खोलीबाहेर निघून गेला. पळालाच म्हणा ना.

५

बाईंनी तिघांना टाकीपाशी बोलावलं. मापाड्याची बायको न बोलावता आली आणि त्यांनी तिला थांबवलं नाही. फौजदाराला फोन झालेला होता. तो पोचेपर्यंत बाईंना एक थाप मारायची होती, आणि खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमीच खणखणीत लागत असे.

"रुग्णालयासाठी एक टँकर भरायचा सरकारी हुकूम निघालाय. साहेब, किल्ली काढा. आत्ता."

"या भावाने?" मालक ओरडला. "हुकूम देणारे पैसे देणार आहेत का? लुटायला निघालात होय मला!" तो पाय आपटत होता, पण रडत होता तो फक्त तेलाच्या भावासाठी.

साहेबाचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. "माझी हरकत नाही. पण खालचा व्हॉल्व्ह या थंडीत गोठला असणार. उगाच फुटला तर नुकसान. वरून पंप टाकून काढा ना."

"काय म्हणालात?"

"वरून काढा म्हणालो."

"त्याच्या आधी."

साहेबाने खिशातली किल्ली मुठीत धरली.

"गोठला असणार, म्हणालात," बाई म्हणाल्या. "अहो कागदाचे माणूस! सकाळी तुम्हाला व्हॉल्व्ह आणि नळ यातला फरक कळत नव्हता. बाहेरच्या रस्त्यावर टँकर धावतायत, त्यांच्या पोटातलं डिझेल या थंडीत गोठलंय का? एवढ्याशा थंडीने डिझेल गोठत नाही. पाणी गोठतं. टाकीच्या तळाशी काय आहे हे तुम्हाला न बघता कसं कळलं?"

"भलतंच काय बोलता!"

"मग उघडा."

त्याने किल्ली दिली नाही. मालकानेच ती त्याच्या खिशातून ओढून काढली. तोवर साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला होता. व्हॉल्व्ह खरंच गोठलेला होता. त्यावर उकळतं पाणी ओतावं लागलं. मग तो कुरकुरला, फिरला, आणि बर्फाच्या खड्यांसकट टाकीतून स्वच्छ पाण्याची धार लागली. धार थांबेना. मालकाने ओंजळ भरली, हुंगली, आणि गुडघ्यांवर बसला.

"पाणी," तो म्हणाला. "पाण्याला जपत बसलो होतो मी?"

बाईंना त्याची कणभर दया आली नाही. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"वर हातभर डिझेल तरंगतंय, खाली सगळं पाणी. म्हणून वरून माप घेतलं की टाकी भरलेली. पण डिझेल उन्हात फुगतं आणि थंडीत आक्रसतं. एवढ्या उंच टाकीत थंडी पडल्यावर खूण चांगली वीतभर खाली यायला हवी. ती बोटभरही हलली नाही, कारण पाणी त्या मानाने फारच कमी आक्रसतं. मापाड्याच्या ते ध्यानात आलं. म्हणून काल पहाटे तो वर गेला, टेपला वरपासून लेप लावून तळापर्यंत सोडली, आणि ती लालभडक होऊन वर आली."

"किल्ली माझ्याकडे होती म्हणून मी चोर?" साहेब आता गोड बोलत नव्हता. "पंप कोण चालवतं? हा मुकादम! यानेच मेहुण्याला ढकललं असेल!"

"पंप त्यानेच चालवला, त्याचा हिशोब तो देईल. पण टेप त्याने गुंडाळलेली नाही. जो माणूस आयुष्यभर टेप पुसून गुंडाळत आला, तो घाबरला तरी त्याचा हात तसाच चालतो. ही टेप गुंडाळणाऱ्याने ओलीच्या ओली भराभर गुंडाळली, आणि लाल ओळंबा तेवढा घासून पुसला. कारण लाल म्हणजे पाणी, हे त्याला ठाऊक होतं. टेप कशी ठेवतात, हे ठाऊक नव्हतं. मालकाला तर पाण्याचा पत्ताच नव्हता. असता तर त्याने बाहेरचा तपासनीस बोलावला नसता. त्याला ओळंबा पुसायचं कारणच काय? आणि ती उंचीवरची चक्कर, तीही थापच. आता कुंपणाच्या आत उरलं कोण? तुम्ही मोजा, साहेब. तुम्ही हिशोबाचे माणूस."

साहेबाने फाटकाकडे पाहिलं. फौजदाराची गाडी आत वळत होती.

मग बोलला तो मुकादम. गुरासारखा हंबरला म्हणायला हवं. "भाव उतरले की परत भरतो म्हणाले होते! सामुद्रधुनी पंधरवड्यात उघडेल म्हणाले, आत्ता चढ्या भावाने विकू, जागी पाणी भरून ठेवू, मग स्वस्तात घेऊन भरू, कुणाच्या बापाला कळणार नाही. ती उघडलीच नाही. भाव चढतच गेला. आता भरायचं म्हटलं तर विकून आलेल्या पैशात निम्मी टाकीसुद्धा भरत नाही."

"आणि मापाड्याला संशय आलाय, हे साहेबांना कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं, पण ते त्यांना त्याच्याच तोंडून हवं होतं.

"मी," मुकादम म्हणाला, पण बहिणीकडे बघू शकला नाही.

६

साहेबाला गाडीत बसवलं. गाडीत बसतानासुद्धा त्याने फौजदाराला सांगून पाहिलं, की बँकेच्या वकिलाशी बोलल्याशिवाय कुलपाला हात लावू नका. माणसाच्या निर्लज्जपणाला काही ठाव असतो का?

बाईंनी वरिष्ठाला फोन लावला. तो म्हणाला, खून असेल तर वेगळा नियम आहे, जरा बघावं लागेल. "बघा, बघा, डोळे फाडून बघा," बाई म्हणाल्या, "आणि भरपाई अडकली तर मी वर्तमानपत्रात जाऊन बसते." त्यांनी फोन आपटला. आज त्यांना कुणालाही सोडायचं नव्हतं.

मुकादम अजून टाकीपाशी होता, एक शिपाई त्याचा दंड धरून. बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, मला वाटलं साहेब त्यांना फक्त समजावतील," तो म्हणाला. "पैसे देऊन गप्प करतील. ढकलतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी धावत आलो तेव्हा सगळं संपलं होतं गं."

"आणि दारू?"

तो शिपायाच्या आड सरला.

"कोटावर दारू कुणी ओतली?"

"साहेबांनी बाटली हातात दिली. म्हणाले, नाहीतर तू पण अडकशील."

"म्हणजे ते पडले होते," ती सावकाश म्हणाली, "आणि तू त्यांच्या अंगावर दारू ओतत होतास. ज्या माणसाने तुला घास भरवला, हाताला धरून कामाला लावलं. बूट निघाला होता त्यांचा. तो घालावासा नाही वाटला तुला?"

"चुकलो, ताई. माफ कर मला. तुझ्या पाया पडतो." तो खरंच वाकायला लागला.

ती एक पाऊल मागे सरली. ती रडत नव्हती.

"माझ्या नको पडूस. ते प्यायले होते हे तू काल कुठे सांगितलंस?"

"फाटकापाशी. सगळे जमले होते तेव्हा."

"मग चल फाटकापाशी."

शिपायाने फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. जाऊ द्या."

फाटकावर डेपोचे कामगार होते, टँकरवाले होते, रिकामे डबे घेऊन आलेली गावातली माणसं होती. पोलिसांची गाडी बघून ती वाढतच चालली होती. मुकादमाला बघताच कुजबुज थांबली. त्याच्या बहिणीने एका टँकरवाल्याला सांगितलं, "शाळेत जा. माझ्या मुलीला घेऊन या. तिच्या वर्गातली येतील तेवढी पोरंही आणा." तो काही न विचारता गाडीत बसला.

सगळे थांबून राहिले. थंडी होती, पण कुणी हललं नाही. टँकर परत आला. मुलगी खाली उतरली, दप्तर पाठीला तसंच, मागून तीनचार पोरं. आईने तिला आपल्या पुढ्यात उभं केलं आणि दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले.

"हं," ती भावाला म्हणाली. "बोल."

मुकादमाचे ओठ हलले. पुढे उभ्या असलेल्यांनाही काही कळलं नाही.

"कुणाला ऐकू गेलं नाही."

"दाजी प्यायले नव्हते," तो म्हणाला.

"काल तर गावभर ऐकू जाईल असं ओरडला होतास. तेवढ्याच मोठ्याने सांग."

त्याने भाचीकडे पाहिलं, आणि मग त्याचा बांध फुटला. "तुझे बाबा प्यायले नव्हते! कधीच पीत नव्हते! दारू मी ओतली त्यांच्यावर! मी खोटं बोललो!"

गर्दीतून एक शिवी आली. कुणीतरी पुढे सरसावलं, शिपायाने हात आडवा केला. मुलगी मामाकडे टक लावून बघत होती. मग तिने मागे वळून वर्गातल्या पोरांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे, आणि पुन्हा मामाकडे वळली.

"अजून एकदा," ती म्हणाली.